वळसा

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातून मंडईत जायच्या पाच वाटा होत्या. वाण्याची उधारी थकली की दुसरी वाट, मास्तर दिसले की तिसरी. आणि दोन्ही संकटं एकाच दिवशी आली, तर समोरच्या वाड्यात पुढच्या दारानं शिरून मागच्या दारानं बोळात! पेशवाईत पेठा वसल्या तेव्हा बहुतेक गाव पायी चालणारं. चालणाऱ्याला वळसा परवडत नाही.

इंग्रजांनाही हे कळत होतं. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. वेडीवाकडी शेतं एकत्र करायची, रस्ते आखायचे आणि मग ज्याला त्याला जरा लहान, पण नीटस तुकडा परत द्यायचा. थोडक्यात, आधी रस्ता, मग घर.

पुढं १९६१ साली पानशेत फुटलं, नदीकाठचे वाडे गेले, माणसं लांब राहायला गेली. शहर वाढतच राहिलं. १९९७ साली आसपासची गावं महापालिकेत आली, २०२१ साली आणखी २३. गावांबरोबर शेतांचे बांधही आले. एकेक शेत वेगळं विकलं गेलं, वेगळ्या बिल्डरनं बांधलं. प्रत्येकानं आपला रस्ता हमरस्त्याला नेऊन जोडला. शेजारच्या शेताला जोडणं कुणाचंच काम नव्हतं. पूर्वी ज्या बांधावरून भाऊबंदकी चालायची, तिथं आता कंपाउंडची भिंत आहे.

त्या भिंतीपलीकडे माझा पेठेतला बालमित्र राहतो. मुद्दाम जवळजवळ फ्लॅट घेतले आम्ही! सरळ गेलं तर शंभर पावलं. रस्त्यानं दोन किलोमीटर. सकाळी गॅलरीतून तो मला चहाचा कप दाखवतो, मी त्याला दाखवतो.

गेल्या पावसाळ्यात तो आजारी पडला. हिनं मऊ खिचडी करून दिली. मी रिक्षातून पोचेपर्यंत ती गार झाली होती.

"लेका, भिंतीवरून फेकली असतीस तरी चाललं असतं," तो म्हणाला.

आता त्याला दोन किलोमीटर चालवत नाही, मलाही फारसं नाही. म्हणून सोसायटीच्या सभेत मी भिंतीत एक छोटंसं दार मागितलं.

"दारातून चोर येतील!" सेक्रेटरी म्हणाले.

असतील बुवा. पेठेत पाच वाटांनी चोर यायचे, हे खरंच. पण त्याच वाटांनी मित्रही यायचे.

ठराव नामंजूर झाला. भिंतीवरून ये-जा करणारं मांजर मात्र दोन्हीकडे जेवतं. हल्ली मी त्याच्याकडेच मित्राची खुशाली विचारतो.