टाळी नक्की कधी वाजवायची? सिंफनीबद्दलचे 'बावळट' प्रश्न

 

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर एक भाग करणार म्हटल्यावर तुमचे बरेच मेसेज आले. गंमत म्हणजे त्यातले निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात: "प्रश्न जरा बावळट आहे, पण..." ऑर्केस्ट्रासमोर तो माणूस काठी कशाला हलवतो? सुरुवातीला सगळे मिळून 'पेंऽऽ' असा एकच सूर का लावतात? आणि सगळ्यात जास्त आलेला प्रश्न: टाळ्या कधी वाजवायच्या?

या शेवटच्या प्रश्नाशी माझं जुनं वैर आहे. तीन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या मित्राकडे एक जादा तिकीट होतं, म्हणून मी मुंबईत पहिल्यांदा लाइव्ह सिंफनी ऐकायला गेलो. चायकोव्हस्कीची सहावी. तिसरा भाग असा काही धडाक्यात संपला की मी उभा राहून टाळ्या वाजवायला लागलो. आणखी पाचसहा जणांनीही वाजवल्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हळूच मागे वळले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या तरी अंत्ययात्रेत शिट्टी मारली होती. कारण सिंफनी संपलीच नव्हती. अजून एक भाग बाकी होता. मी खाली बसलो, आणि त्यानंतर वर्षभर त्या वाटेला गेलो नाही.

म्हणून आज ठरवलं, या नियमाचा इतिहासच शोधू. हा नियम आला कुठून?

आधी दोन सोपे प्रश्न

सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना. तिचे साधारण चार भाग असतात, त्यांना मूव्हमेंट म्हणतात. प्रत्येकाची लय आणि मूड वेगळा. दोन भागांच्या मध्ये काही सेकंद शांतता असते. सगळा घोळ या शांततेचा आहे.

तो सुरुवातीचा 'पेंऽऽ' बहुतेक वेळा ओबो नावाचं वाद्य देतं. लाकडी, फुंकून वाजवायचं, दुहेरी पत्तीचं. आपल्या सनईच्या नात्यातलं म्हणा ना. त्याचा आवाज धारदार आणि स्थिर असतो, गर्दीतही ऐकू येतो, आणि ऐन वेळी त्याचा सूर फारसा वरखाली करता येत नाही. मग बाकीचे त्याच्याशी जुळवून घेतात. जो हलू शकत नाही, त्यालाच रेफरन्स करायचं! हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा असावा, हेही १९३९ साली लंडनच्या एका आंतरराष्ट्रीय बैठकीत ठरलं. त्याआधी फ्रान्सने १८५९ मध्ये कायदा करून ४३५ ठरवला होता. म्हणजे सूरसुद्धा माणसांनी बैठका घेऊन ठरवलेला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पॅरिस, १७७८

आता मुख्य गोष्ट. १८ जून १७७८, पॅरिस. बावीस वर्षांच्या मोझार्टची नवी सिंफनी सादर होणार होती. आज ती ३१ क्रमांकाची 'पॅरिस सिंफनी' म्हणून ओळखली जाते. त्या रात्री काय झालं ते त्याने वडिलांना पत्रात लिहून कळवलं.

पहिल्या भागाच्या मधोमध त्याने एक अशी जागा बांधली होती, जी लोकांना आवडणारच याची त्याला खात्री होती. ती जागा आली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दोन भागांच्या मध्ये नव्हे हं, वाजत असतानाच! हे होणार हे ओळखूनच त्याने तीच जागा शेवटाकडे पुन्हा ठेवली होती. पुन्हा टाळ्या.

शेवटच्या भागात तर त्याने मुद्दाम खोडी काढली. पॅरिसमध्ये असा भाग सगळ्या वाद्यांनी एकदम जोरात सुरू करायची पद्धत होती. याने फक्त व्हायोलिन घेतली, तीही अगदी हळू. लोक एकमेकांना "शूऽ" करायला लागले. आठ मात्रासमूहांनंतर अख्खा ऑर्केस्ट्रा कोसळला आणि पुन्हा टाळ्या. मोझार्ट इतका खूश झाला की कार्यक्रम संपल्यावर पाले रोयालला जाऊन त्याने आइस्क्रीम खाल्लं.

हे वाचताना मला एकच गोष्ट आठवली: आपली मैफल. गायक अवघड तान घेऊन बरोब्बर समेवर येतो आणि सगळे "वाऽऽ क्या बात है" करतात. कुणी म्हणत नाही की थांबा, राग संपू दे. १७७८ चं पॅरिस साधारण तसंच ऐकत होतं. मोझार्ट ती दाद धरूनच लिहीत होता.

बीथोव्हेनच्या काळातही तेच

८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नामध्ये बीथोव्हेनची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली. कार्यक्रम जखमी सैनिकांच्या मदतीसाठी होता. दुसरा भाग लोकांना इतका आवडला की तो तिथल्या तिथे पुन्हा वाजवावा लागला. चक्क वन्स मोअर, सिंफनी अर्धवट असताना!

आणि ७ मे १८२४, नववी सिंफनी. तोवर बीथोव्हेन जवळजवळ पूर्ण बहिरा झाला होता. तो मंचावर उभा राहून लय दाखवत होता, पण खरं संचालन मिखाएल उमलाउफ करत होता, आणि वादकांना त्याच्याकडेच बघायला सांगितलेलं होतं. लोक टाळ्या वाजवत होते आणि बीथोव्हेन पाठमोरा उभा होता. तेव्हा कॅरोलिन उंगर या तरुण गायिकेने त्याला धरून प्रेक्षकांकडे वळवलं. हा प्रसंग मध्येच घडला की शेवटी, यावर पाहणाऱ्यांच्या आठवणी जुळत नाहीत. पण त्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर लोकांनी रुमाल आणि टोप्या हवेत हलवल्या. त्याला दिसावं म्हणून.

मग गप्प बसायला कुणी सांगितलं?

एका माणसाने नाही. हळूहळू झालं.

एक कारण तो काठीवाला, म्हणजे कंडक्टर. आधी पुढचा व्हायोलिनवादक किंवा कीबोर्डवर बसलेला माणूसच सगळ्यांना सांभाळायचा. फ्रान्समध्ये लुली जाड काठी जमिनीवर आपटून लय द्यायचा. १६८७ मध्ये ती स्वतःच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि तो त्यातच गेला. एकोणिसाव्या शतकात ऑर्केस्ट्रा मोठे झाले, रचना गुंतागुंतीच्या झाल्या, आणि हातात छोटी काठी घेतलेला वेगळा कंडक्टर रूढ झाला. त्याच काळात संगीतकारांना वाटायला लागलं की चारही भाग मिळून एकच गोष्ट आहे, ती तुटू नये. मेंडेल्सोनने आपली 'स्कॉटिश' सिंफनी मध्ये न थांबता वाजवायला सांगितली. शूमनही आपल्या चेलो कॉन्चेर्टोत भाग एकमेकांना जोडून देतो.

मग आला वाग्नर. १८८२ मध्ये बायरॉइटला त्याच्या 'पार्सिफाल'चा पहिला प्रयोग झाला. मधल्या अंकानंतर कलाकारांना बाहेर बोलावू नका, इतकंच त्याचं म्हणणं होतं. लोकांना वाटलं टाळ्याच बंद! शेवटी सगळे चिडीचूप. मग वाग्नरलाच समजावून सांगावं लागलं. असंही सांगतात की पुढच्या एका प्रयोगात त्याने स्वतः आवडत्या जागी "ब्राव्हो" म्हटलं, तर प्रेक्षकांनी त्यालाच गप्प केलं. बिचारा!

विसाव्या शतकात रेडिओ आणि रेकॉर्ड आल्या. घरात एकट्याने, टाळ्यांशिवाय ऐकायची सवय लागली. १९२९ मध्ये फिलाडेल्फियात स्टोकोव्हस्कीसारखा कंडक्टर मंचावरूनच टाळ्यांच्या विरोधात बोलला. आणि बघता बघता 'मध्ये टाळी म्हणजे अडाणीपणा' हे पक्कं झालं.

म्हणजे मोझार्ट आज स्वतःच्याच कार्यक्रमाला आला असता, तर त्याला वाटलं असतं की आपली सिंफनी पडली.

मग माझी चूक होती का?

इथे माझं मत थोडं बदललं. चायकोव्हस्कीने सहावी सिंफनी २८ ऑक्टोबर १८९३ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये स्वतः सादर केली आणि नवव्या दिवशी तो गेला. तिचा तिसरा भाग विजयी मिरवणुकीसारखा आहे. टाळी आपोआप निघते, तशीच ती बांधलेली आहे. पण लगेच येणारा चौथा भाग म्हणजे विलाप. चेलो आणि डबल बेसचा आवाज विरत विरत जातो आणि संपतो. त्या मिरवणुकीनंतर लगेच ते दुःख ऐकलं, तर पोटात खड्डा पडतो. मी त्या रात्री तो चौथा भाग ऐकलाच नाही. मी कान लाल करून बसलो होतो.

मला वाईट याचंच वाटतं. टाळीने काही बिघडलं नाही. त्या नजरेने बिघडलं.

तर मंडळी, प्रॅक्टिकल उत्तर: कार्यक्रमपत्रिकेत किती भाग आहेत ते बघा आणि मोजत राहा. कंडक्टरचे हात खाली येऊन तो तुमच्याकडे वळला, की बिनधास्त वाजवा. शांततेत खरंच मजा आहे, ती घेऊन बघा. पण मध्येच टाळी निघून गेली तर लाजू नका, आणि शेजारच्याची निघाली तर मागे वळून बघू नका. तो १७७८ चा आहे, एवढंच.

आज रात्री हेडफोन लावून सहावीचे शेवटचे दोन भाग सलग ऐका. आणि प्रश्न पाठवताना ते 'बावळट' वगैरे काढून टाका. भेटू पुढच्या भागात!