कड्यातली घरे कुणाची?

आज आम्ही तुम्हांला अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या मेसा व्हर्डीला नेत आहोत. तिथे उंच कड्यांच्या कपारीत दगड-मातीची घरे आहेत. सर्वांत मोठ्या वस्तीला 'क्लिफ पॅलेस' म्हणतात. तिच्यात सुमारे १५० खोल्या. प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी त्या साधारण ८०० वर्षांपूर्वी बांधल्या. शेती वर माथ्यावर. मका, घेवडा, भोपळा. खडकात हातापायापुरत्या खोबण्या कोरून लोक चढ-उतार करत. मका दळायचे दगड आपल्या पाट्या-वरवंट्यासारखेच. पुढे मोठा दुष्काळ पडला आणि १३०० पर्यंत सारे दक्षिणेकडे निघून गेले.

१८८८ साली भटकलेली गुरे शोधणाऱ्या गोऱ्या गुराख्यांना ही वस्ती दिसली. मग भांडी, वस्तू, पुरलेल्या माणसांची हाडेसुद्धा उकरून नेली जाऊ लागली. हे थांबवायला बायका पुढे आल्या. व्हर्जिनिया मॅक्लर्ग आणि लूसी पीबडी यांच्या पुढाकाराने १९०० साली बायकांची संस्था उभी राहिली. त्यांनी भाषणे दिली, पत्रे लिहिली, पुढाऱ्यांच्या मागे लागल्या. पुढे दोघींत फूट पडली. मॅक्लर्गबाई म्हणत, कारभार बायकांच्या संस्थेकडे असावा. पीबडीबाई म्हणत, देशाच्या सरकारकडे द्यावा. अखेर २९ जून १९०६ रोजी राष्ट्रीय उद्यान झाले. घरे वाचली, ती या बायकांमुळे.

पण कारभार कुणाचा, या भांडणात घरवाले कुठे होते? आजूबाजूची जमीन यूट आदिवासींची. १९११ साली सरकारने दबाव आणून, अदलाबदलीच्या नावाखाली त्यांची जमीन उद्यानात घेतली. होपी, झुनी असे प्युब्लो वंशज तर आजही आहेत. ते म्हणतात, ही घरे ओसाड नाहीत, आमचे पूर्वज तिथेच आहेत. त्यांचे म्हणणे ऐकायला फार वर्षे लागली. १८९१ साली युरोपात नेलेले सुमारे २० जणांचे अवशेष फिनलंडने २०२० मध्ये परत केले, तेव्हा वंशजांनी ते पुन्हा मातीत ठेवले.

आता क्लिफ पॅलेस पाहायचा तर उद्यानाच्या रक्षकासोबतच जावे लागते, शिड्या चढाव्या लागतात.

मैत्रिणींनो, एखादी जुनी जागा राखायला गट म्हणून उतरलो, तर कामाला लागण्याआधी एक प्रश्न विचारू या: ही जागा कुणाची, आणि त्यांना आपण विचारले का?