जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन : ध्वनिमुद्रणाच्या प्रारंभकाळातील एक उपेक्षित शीळवादक

ध्वनिमुद्रणाचा इतिहास बहुधा एडिसनच्या १८७७ मधील फोनोग्राफपासून सांगितला जातो आणि पुढे तो यंत्रांच्या व कंपन्यांच्या वृत्तांतातच विलीन होतो. यंत्रासमोर उभे राहून गाणाऱ्यांचे श्रम त्यात क्वचितच नोंदले जातात. या दृष्टीने जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन (सुमारे १८४६–१९१४) या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताचे चरित्र अभ्यसनीय ठरते.

जॉन्सन यांचा जन्म व्हर्जिनियात, गुलामगिरीच्या काळात झाला. एका गोऱ्या शेतमालकाच्या मुलाचे सोबती म्हणून ते वाढले व लिहा-वाचायला शिकले. १८७० च्या दशकात ते न्यूयॉर्कला आले. तेथे रस्त्यांवर आणि प्रवासी बोटींच्या धक्क्यांवर शीळ घालून मिळणाऱ्या नाण्यांवर त्यांची गुजराण होई. १८९० मध्ये फोनोग्राफ कंपन्यांनी त्यांना तेथूनच हेरले. विजेच्या ध्वनिग्राहकापूर्वीच्या त्या यंत्राला मंद अथवा खर्जातील स्वर नीट पकडता येत नसत. तीव्र शीळ, खणखणीत हास्य व स्पष्ट शब्दोच्चार मात्र मेणावर ठसठशीत उमटत. ज्या गुणांमुळे मैफलीत त्यांना कोणी विचारले नसते, तेच येथे भांडवल ठरले.

‘द व्हिसलिंग कून’ व ‘द लाफिंग साँग’ ही त्यांची दोन गाणी १८९० च्या दशकात अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या ध्वनिमुद्रणांत गणली जात. परंतु तेव्हा सिलिंडरच्या प्रती मोठ्या संख्येने काढण्याची सोय नव्हती. एका वेळी तीन-चार यंत्रे मांडून गायचे, मेण बदलायचे, पुन्हा तेच गायचे. दिवसात पन्नासहून अधिक वेळा तेच हसू, तीच शीळ; आणि दर गायनास मोबदला वीस सेंट. ही कलेपेक्षा मजुरीच अधिक होती.

पहिल्या गाण्याचा कर्ता गोरा होता आणि ‘कून’ हा कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा अवमानकारक शब्द. स्वतःच्याच समाजाची टवाळी गाऊन एका कृष्णवर्णीयाला या व्यवसायात प्रवेश मिळाला, हे वास्तव अभ्यासकास अस्वस्थ करते. तथापि त्याबद्दल जॉन्सन यांना दोष देणे अनैतिहासिक ठरेल. निवड करण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता, असे मानण्यास आधार नाही.

१८९९ मध्ये सहचारिणीच्या खुनाच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटला चालला. त्यातून ते सुटले. त्यांची उपजीविका मात्र संपविली ती तंत्रज्ञानाने. १९०२ च्या सुमारास साच्यातून सिलिंडर काढण्याची पद्धत रूढ झाली. एकदाच गाऊन हजारो प्रती निघू लागल्यावर रोज तीच दोन गाणी म्हणणाऱ्याची गरज उरली नाही. काही काळ त्यांनी लेन स्पेन्सर या सहकलावंताच्या कार्यालयात द्वारपालाचे काम केले. २३ जानेवारी १९१४ रोजी त्यांचे निधन झाले. क्वीन्समधील मेपल ग्रोव्ह दफनभूमीतील त्यांच्या थडग्यावर २०१४ पर्यंत नावही नव्हते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत २०१३ साठी ‘द लाफिंग साँग’ची निवड झाली. त्यांचे जे मूळ मेणाचे सिलिंडर आज शिल्लक आहेत, ते परस्परांच्या प्रती नव्हेत. प्रत्येक फेरीचे गायन स्वतंत्र असल्याने त्यांतील हास्य व शीळ यांची तुलना अभ्यासकांना करता येते.