मेगावॅट किती, युनिट किती?

वारा आणि सूर्य यांपासून होणाऱ्या वीजनिर्मितीची जागतिक वाढ बहुधा स्थापित क्षमतेत, म्हणजे मेगावॅटमध्ये सांगितली जाते. ही मोजणी फसवी आहे. यंत्र जास्तीत जास्त किती वीज देऊ शकेल हे क्षमतेवरून कळते. प्रत्यक्षात किती दिली, हे युनिटच सांगतात.

२०२४च्या अखेरीस जगातील सौरक्षमता सुमारे १,८६० गिगावॅट होती आणि पवनक्षमता सुमारे १,१३० गिगावॅट. तरीही त्या वर्षीच्या एकूण विजेत वाऱ्याचा वाटा ८ टक्के, तर सूर्याचा ७ टक्क्यांच्या आसपास होता. चीनचे चित्रही असेच. सौरपॅनेल रात्री बंद आणि सकाळ-संध्याकाळ मंद असते. वर्षाची सरासरी काढली तर क्षमतेच्या १५ ते २५ टक्केच वीज हाती येते. चांगल्या जागेवरची पवनचक्की ३० ते ४० टक्के देते, समुद्रातली त्याहूनही अधिक. (वर्षभरात नव्याने बसलेल्या पॅनेलांना पूर्ण वर्ष मिळालेले नसते, हेही लक्षात घ्यावे.)

वेग मात्र निर्विवादपणे सूर्याचा. २०१५मध्ये सौरविजेचा वाटा जेमतेम १ टक्का होता, पवनविजेचा साडेतीन. २०२१ ते २०२४ या तीन वर्षांत सौरनिर्मिती दुप्पट होऊन सुमारे २.१ लाख कोटी युनिटांवर गेली. याचे कारण उत्पादनपद्धतीत आहे. पॅनेल हा कारखान्यातला माल आहे; उत्पादन वाढेल तसा त्याचा दर उतरतो. २०१०नंतरच्या दशकात तो सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. पवनचक्की मात्र बांधकामाच्या जातीची. पात्याची लांबी दुप्पट केली की वारा पकडणारे क्षेत्र चौपट होते; वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट. म्हणून यंत्रे अवाढव्य होत गेली, पण त्याबरोबर पाया, क्रेन, रस्ते आणि कर्जाचे व्याजही वाढले. अमेरिकेत न्यू जर्सीजवळच्या समुद्रातले दोन मोठे प्रकल्प २०२३मध्ये डॅनिश कंपनी ऑर्स्टेडने सोडून दिले, त्यामागे वाढते व्याजदर आणि पुरवठ्यातील अडचणी होत्या.

खरा पेच आता वेळेचा आहे. जर्मनीत कधी कधी भर दुपारी विजेचा घाऊक भाव शून्याखाली जातो. कॅलिफोर्नियात सूर्य मावळताना इतर स्रोतांवर एकदम ताण येतो, म्हणून तिथे बॅटऱ्या झपाट्याने उभ्या राहिल्या. आपल्याकडे साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या पावसाळ्यात, ढगांमुळे सौरवीज घटते तेव्हाच, जोरात फिरतात. त्यामुळे ‘वारा की सूर्य’ हा वाद मला निरर्थक वाटतो.

२०२४मध्ये जगाच्या विजेतला कोळसा, वायू आणि तेल यांचा वाटा ६० टक्क्यांच्या खाली आला. पण विजेची मागणी इतर स्रोतांच्या वाढीव विजेपेक्षा जास्त वाढल्याने या इंधनांपासून झालेली एकूण वीजनिर्मिती त्या वर्षीही वाढलीच.