आबालाल रहिमान: ज्या अनुभवाची नोंदच नाही त्याचा अभ्यास कसा करायचा?

मे महिन्यात चिंचपाड्याला घरी असलात, तर संध्याकाळी एखादा गुलमोहर निवडा आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसा. ऊन असताना फुलं पेटल्यासारखी दिसतात, पानं मागे पडतात. दिवस मावळला की उलटं होतं. फुलं काळपटत जातात आणि पानं मात्र बराच वेळ उजळ राहतात. 1825 च्या सुमारास पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं. अंधूक उजेडात डोळ्यातल्या शंकूपेशी मागे पडतात, दंडपेशी पुढे येतात आणि त्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसत नाही.

मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे माझं समाधान इथे व्हायला हवं होतं. पण या वीस-पंचवीस मिनिटांसाठी आयुष्यभर पाण्याकाठी जाऊन बसणाऱ्या एका माणसाने मला अडकवलं. तो माणूस आपल्या नंदुरबारपासून खूप लांब, कोल्हापूरचा. आबालाल रहिमान.

मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झालं. आबालाल तिथे 1880 च्या दशकात शिकले, 1888 मध्ये त्यांना व्हाइसरॉयचं पदक मिळालं. एवढं मिळवून मुंबईत व्यक्तिचित्रांचा धंदा थाटता आला असता, पण ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, दरबारासाठी चित्रं काढली. आणि दरबाराने न मागितलेली चित्रंही काढत राहिले: रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगेचा काठ. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. 28 डिसेंबर 1931 ला ते गेले.

त्यांच्यावर लिहिणारे बहुतेकजण त्यांना फकीर, योगी, कलातपस्वी म्हणतात. निसर्गात बसून चित्र काढणं ही त्यांची साधना होती, इबादत होती. वाचायला छान वाटतं. पण हेच वाक्य तुम्ही संशोधन प्रस्तावात लिहिलंत तर मार्गदर्शक पहिला प्रश्न विचारतील, "हे तुम्हाला कशावरून कळलं?" बहुतेक वेळा उत्तर एका दंतकथेवर येऊन थांबतं. 6 मे 1922 ला शाहू महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली, ही ती कथा. काही ठिकाणी वीस हजार असा आकडाही छापलेला दिसतो.

जरा हिशेब करू. 1888 ते 1922 म्हणजे 34 वर्षं, साधारण 12,400 दिवस. वीस हजार चित्रं म्हणजे रोज दीडपेक्षा जास्त, पावसाळा आणि आजारपण धरून. पूर्ण केलेल्या चित्रांसाठी हे अशक्यच वाटतं. पण जागेवर बसून केलेली हातभर कागदावरची झटपट कामं असतील तर? उजेड पळत असताना एका संध्याकाळी दोन-तीन सहज होतात. म्हणून हा आकडा मी मानत नाही, पण फेकूनही देत नाही. या माणसाच्या घरात कागदांचे ढीग होते अशी आठवण त्यात शिल्लक असावी. बाकी, पाणी रंगवणाऱ्याने चित्रं पाण्यातच विसर्जित केली, ही गोष्ट जरा जास्तच सुंदर आहे. इतक्या सुबक गोष्टीला हात लावताना सावध राहा. जलरंग पाण्यात गेले की पुरावाही त्यांच्याबरोबर जातो.

दुसरी सवय त्यांना युरोपच्या मापाने मोजण्याची. 1874 मध्ये पॅरिसला इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा आबालालही त्याच पंथाचे, असं सरळ लिहिलं जातं. पण जे. जे. मध्ये शिकवली जायची ती ब्रिटिश अकादमिक पद्धत. मोनेने गवताच्या गंजी वेगवेगळ्या उजेडात रंगवल्या आणि आबालालांनी रंकाळा रंगवला, तर दोघांत समान आहे तो उजेड. त्या काळच्या नेहमीच्या फोटोप्लेटला तांबडा रंग नीट पकडता येत नसे, म्हणजे मावळतीचा रंग हवा असेल तर स्वतः तिथे जाऊन बसण्याला पर्याय नव्हता.

मग आध्यात्मिक अनुभवाचं काय करायचं? माझं मत असं की "तो होता का?" हा प्रश्नच बाजूला ठेवा. आबालालांच्या मनात काय चाललं होतं ते आपल्या हाती येणार नाही. हाती येतं ते त्यांचं वागणं: कुठे बसले, कोणत्या वेळी, किती वेळा परत आले, गिऱ्हाईक नसताना आले का. नमाजाला किंवा वारीला जाणाऱ्याचा अभ्यासही आपण असाच करतो. त्याच्या भक्तीचं वजन करत नाही, त्याचं येणंजाणं बघतो.

आणि इथे विज्ञानवाल्यांना खरंच काम आहे. रंकाळ्यात संध्यामठ नावाची दगडी वास्तू आहे. पावसाळ्यात तळं भरलं की ती पाण्यात जाते, उन्हाळ्यात उघडी पडते. ज्या चित्रात संध्यामठ आहे, त्यात पाणी कुठल्या थरापर्यंत आलंय ते मोजलं तर चित्राचा ऋतू काढता येईल. सावलीच्या दिशेवरून वेळ काढता येईल. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आबालालांची कामं आहेत. आधी ती बघा, मग संध्याकाळी साडेपाचला घड्याळ आणि वही घेऊन रंकाळ्यावर जा, आणि पाणी निळं व्हायला लागतं ती वेळ टिपा.