मालवणचा समुद्र कुणाचा? घाटावरून ऐकायची एक गोष्ट

आज विषय समुद्राचा. तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात बसून समुद्राचं काय बोलायचं? तर ऐका. एके काळी मालवणचा किनारा कोल्हापूरच्या गादीकडं होता.

२५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. पुढं हा किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडं आला आणि १८१२ च्या तहात इंग्रजांनी तो घेतला. तेव्हा भांडण जहाजांवरून होतं. आज ते मासळीवरून आहे.

किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, समुद्री शेवाळ आहे, माशांची पिल्लं तिथं वाढतात. म्हणून १३ एप्रिल १९८७ ला सरकारनं इथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. मच्छीमारांना वाटलं, आता आपलं जाळंच बंद होणार. जोरदार विरोध झाला आणि अभयारण्य बरीच वर्षं कागदावरच राहिलं.

पण हेच लोक समुद्राचे वैरी होते का? रापण बघा. किनाऱ्यावरून गावातली माणसं मिळून जाळं ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा समुद्रात, ही जुनी रीत.

मग आले ट्रॉलर आणि पर्ससीन. पर्ससीनचं जाळं बांगड्याच्या, तारलीच्या अख्ख्या थव्याला वेढा घालतं आणि खालून थैलीसारखं आवळतं. आता बंधनं घाला म्हणून रस्त्यावर उतरले ते रापणकर आणि छोटे होडीवालेच! ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्यानं पर्ससीनवर कडक मर्यादा घातल्या. २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली.

तरी घोळ संपला नाही. राज्याचा कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत चालतो. बांगड्याला ही हद्द कुठं ठाऊक? तो कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र असा फिरतो आणि त्याच्यामागं परराज्यातल्या बोटीही येतात. सिंधुदुर्गात यावरून वारंवार ठिणगी पडते. एकानं राखायचं आणि दुसऱ्यानं ओढून न्यायचं, असं झालं तर राखणारा किती दिवस राखेल?

एक गोष्ट मात्र जमलेली आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची पावसाळी बंदी पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या हद्दीतही लागू असते. जाळ्यांचे आणि दिव्यांचे नियमही असेच सगळीकडं सारखे पाळले गेले, तर मासळीला वाढायला उसंत मिळेल.

आणि आपण? घाट चढून आलेली मासळी आपल्याच ताटात पडते. बाजारात वीतभर सुरमई दिसली तर ते पिल्लू आहे. एकदाही अंडी न घालता ते जाळ्यात आलंय. ते घेऊ नका, आणि विकणाऱ्या मावशींना का घेत नाही तेही सांगा.