प्लॅटिनम, सदाफुली आणि सोबत

नागपूरहून हैदराबाद हायवेला लागलं की साठ-पासष्ट किलोमीटरवर जाम येतं. वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. (हो, गावाचं नावच जाम आहे. पुण्यातल्या मित्रांचे ट्रॅफिकवरचे सगळे विनोद ऐकून झालेत, नवीन असेल तरच सांगा.) इथे रस्ता फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादला जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरला. आमच्या भागात घरात कोणी गंभीर आजारी पडलं की पहिला प्रश्न असतो, "न्यायचं कुठं?" सेवाग्राम, नागपूर, की थेट मुंबई? आजाराचं नाव नंतर कळतं, रस्ता आधी ठरवावा लागतो.

माझ्या एका बॅचमेटच्या घरी हा प्रश्न आला. तो मूळचा जामजवळचाच, नोकरी पुण्यात, वय सत्तावीस. निदान झालं टेस्टिक्युलर कॅन्सरचं, म्हणजे वृषणाचा कॅन्सर. नाव वाचून थोडं अवघडल्यासारखं झालं ना? तेच. त्यालाही झालं, म्हणून गाठ लागल्यावर चार महिने त्यानं कोणालाच सांगितलं नाही. गावाकडे अशी सूज दिसली की 'अंडवृद्धी असेल' म्हणून सोडून देतात. नंतर एका डॉक्टरांनी महिनाभर सूज उतरायच्या गोळ्या दिल्या, त्यात आणखी वेळ गेला. सोनोग्राफी झाली तेव्हा आजार पोटातल्या गाठींपर्यंत पोचला होता. ऑपरेशन झालं आणि पुढे केमोथेरपी ठरली. औषधांचं नाव होतं बीईपी.

आता मी पडलो इंजिनिअर. कुठलंही तीन अक्षरी नाव दिसलं की फुल फॉर्म आणि हिस्टरी शोधल्याशिवाय चैन पडत नाही. दोन-तीन वीकेंड त्यात गेले. जे सापडलं ते इतकं भारी आहे की इथे लिहायलाच हवं.

सुरुवात होते प्लॅटिनमपासून. इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेरोने यानं १८४४-४५ च्या सुमारास प्लॅटिनमचं एक संयुग तयार केलं. पुढची सव्वाशे वर्षं ते फक्त केमिस्ट लोकांच्या कामाचं होतं. मग १९६५ साली अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग नावाचा बायोफिजिक्सवाला बॅक्टेरियांवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होता. करंट सुरू केला आणि बॅक्टेरियांचं विभाजन थांबलं. ते नुसतेच लांबत गेले, मोठ्या दोऱ्यांसारखे. सगळ्यांना वाटलं ही विजेची करामत. नीट डीबग केल्यावर कळलं की वीज निर्दोष आहे! इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते, त्यातलं थोडं प्लॅटिनम द्रावणात उतरत होतं आणि त्याचंच एक संयुग पेशींना विभागू देत नव्हतं. कॅन्सर म्हणजे तरी काय, विभागत सुटलेल्या पेशीच. १९६९ मध्ये उंदरांच्या गाठींवर प्रयोग छापून आला. हेच ते सिसप्लॅटिन.

माणसांवर मात्र ते जवळजवळ बादच होणार होतं. किडन्या खराब व्हायच्या आणि उलट्या तर विचारू नका. किडन्यांवरचा उपाय अगदी साधा निघाला, औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन द्यायचं. तोपर्यंत शरीरात पसरलेला वृषणाचा कॅन्सर म्हणजे दहातला एखादाच वाचायचा, आणि हा आजार प्रामुख्यानं पंधरा ते पस्तिशीतल्या मुलांना होतो. १९७४ मध्ये इंडियाना युनिव्हर्सिटीत लॉरेन्स आइनहॉर्न या तरुण डॉक्टरनं सिसप्लॅटिनला आणखी दोन औषधं जोडली. जॉन क्लीलँड हा २३ वर्षांचा विद्यार्थी आधीच्या सगळ्या उपचारांना दाद देत नव्हता. त्याला हे मिश्रण दिलं आणि काही आठवड्यांत फुप्फुसांतल्या गाठी दिसेनाशा झाल्या. १९७७ साली आइनहॉर्ननं ४७ रुग्णांचे निकाल छापले. त्यातल्या बहुसंख्यांचा आजार पूर्ण मागे हटला होता. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनला अधिकृत मान्यता मिळाली. आज हा आजार पसरलेल्या अवस्थेतही साधारण दहापैकी आठ जण बरे होतात, आणि लवकर सापडला तर जवळजवळ सगळेच.

जोडलेल्या त्या दोन औषधांपैकी एक होतं ब्लिओमायसिन, जपानच्या हमाओ उमेझावा यांनी शोधलेलं. दुसरं व्हिनब्लास्टिन. आणि ते कशातून मिळालं? सदाफुलीतून! आपल्या अंगणात, एसटी स्टँडच्या कुंडीत, कुठेही उगवणारी सदाफुली. जमैकामध्ये लोक डायबिटिससाठी तिच्या पानांचा चहा पितात असं कळल्यावर कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तिचा अर्क तपासला. साखर काही उतरली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झाल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन वेगळं निघालं. १९८७ मध्ये मोठ्या तुलनेनंतर त्याच्या जागी एटोपोसाइड आलं, कारण त्याचा त्रास कमी. ब्लिओमायसिन, एटोपोसाइड, प्लॅटिनम. झालं आपलं बीईपी.

(माझ्या मित्राचे मामा हे सगळं न वाचताच सदाफुलीचा रस बाटलीत घेऊन आले होते. त्यांना समजावायला अर्धा दिवस गेला. पानात अनेक विषारी द्रव्यं असतात आणि कुठलं किती पोटात गेलं ते कोणालाच कळत नाही. औषध म्हणजे त्यातलं एकच द्रव्य, मिलिग्रॅममध्ये मोजलेलं. मामा शेवटी म्हणाले, "मंग झाड तरी राहू द्या अंगणात." राहू दिलं.)

आपल्या पिढीला या औषधांची दोन उदाहरणं माहीत असतात. एक लान्स आर्मस्ट्राँग. १९९६ मध्ये कॅन्सर मेंदूपर्यंत गेला होता, आइनहॉर्नच्याच इंडियाना युनिव्हर्सिटीत तो बरा झाला. त्याची सायकलिंगची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये डोपिंगमुळे काढून घेतली, पण तो बरा झाला होता हे खरंच. दुसरा आपला युवराज. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये ३६२ रन आणि १५ विकेट काढणाऱ्या माणसाच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये, याच जातकुळीची गाठ होती. जागा वेगळी, पेशींचा प्रकार तोच. २०१२ च्या सुरुवातीला तो उपचारासाठी आइनहॉर्नकडेच गेला. आई शबनम सोबत होती, कुंबळे भेटून आला, परतताना लंडनमध्ये सचिन भेटला. सप्टेंबर २०१२ मध्ये चेन्नईत तो पुन्हा भारताकडून खेळला.

तर मुद्दा असा. बातम्यांमध्ये औषधाची गोष्ट येते, पेशंटच्या जिद्दीची येते. पण बीईपीचं वेळापत्रक बघितलं आणि मला जाणवलं की हे एकट्या माणसासाठी बनलेलंच नाही. एक सायकल २१ दिवसांची. पहिले पाच दिवस रोज तासनतास सलाईन. मग आठव्या दिवशी ब्लिओमायसिन, पंधराव्या दिवशी परत. अशा तीन किंवा चार सायकली. 'या आठवड्यात कापूस वेचणी आहे, पुढच्या आठवड्यात येतो' असं चालत नाही. तारखा पुढे ढकलल्या की बरं होण्याची शक्यता कमी होते. आणि मधल्या दिवसांत पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी हॉस्पिटल गाठायचं. आता जामला बसून याचा विचार करा. रात्री दोनला गाडी कोण काढणार?

याचं उत्तर औषधात नाही. ते वेगळ्या लोकांनी वेगळ्या काळात शोधलंय. मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानं गेल्या. त्यांचे पती दोराबजी यांच्या ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल सुरू केलं. पण विदर्भातला माणूस रात्रीच्या रेल्वेनं दादरला उतरल्यावर राहणार कुठे? तिथे दादरलाच गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या, स्वतःसाठी झोपडीही न बांधणाऱ्या माणसाच्या नावानं आज कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट फुकट देते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत. नियमात 'सोबती' हा शब्द आहे, हे मला फार आवडलं.

आणि आमच्या वर्धा जिल्ह्याचं स्वतःचं एक उत्तर आहे. सेवाग्रामला १९६९ मध्ये मेडिकल कॉलेज निघालं. तिथल्या लोकांनी १९८० च्या आगेमागे गावांसाठी आरोग्यविमा चालवला. हप्ता काय, तर सुगीला ज्वारी! ज्याच्या घरी जास्त पिकलं तो जास्त देणार, कमी पिकलं तो कमी. त्यावर आजारपणात दवाखाना. कॉर्पोरेट मेडिक्लेमची पॉलिसी न वाचता सही करणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर जरा विचार करावा. आता राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना केमोचा खर्च उचलते. पण कागद गोळा करायला परत माणूस लागतोच.

माझ्या मित्रानं नागपूरला उपचार घेतले. मधले दिवस घरी. आम्ही हॉस्टेलच्या सात जणांनी एक शीट बनवली. दिवस आठ कोण, दिवस पंधरा कोण, रात्रीच्या गाडीसाठी गावातले दोन फोन नंबर कोणते. काकाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, ती शीट छापून स्वयंपाकघरात चिकटवली. दुसऱ्या सायकलनंतर एकदा ताप आलाच. शेजारचा ट्रॅक्टरवाला मुलगा त्याच्या जावयाची गाडी घेऊन पंधरा मिनिटांत दारात! उलट्यांवर ऑन्डान्सेट्रॉन होतं (१९९०-९१ च्या सुमारास आलेलं, त्याआधीच्या पेशंटचे हाल वाचवत नाहीत), तरी तोंडाची चव गेलीच होती. त्याची मावशी रोज वेगळा पदार्थ करून बघायची. तिनं एकदाच विचारलं, "आंधी सांगतलं असतं त का बिघडलं असतं रे?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

लग्नाचा विषयही निघाला, निघणारच. डॉक्टरांनी केमोच्या आधीच वीर्य साठवून ठेवायचा सल्ला दिला होता. घरच्यांसमोर हे बोलणार कोण? शेवटी वहिनी बोलल्या, सरळ आणि दोन वाक्यांत. एका वृषणावरही बहुतेकांचं सगळं नीट चालतं, केमोनंतर अनेकांचे शुक्राणू दोन-तीन वर्षांत परत येतात, पण साठवलेलं असलं की काळजी नाही. हे मीही तेव्हाच शिकलो.

चार सायकली वेळेवर झाल्या. रक्तातले मार्कर नॉर्मलला आले. अजून ठरलेल्या तारखांना स्कॅन असतात आणि त्या आधीच्या आठवड्यात तो फोनवर कमी बोलतो. तेवढं आम्हाला कळतं.

भारतात हा आजार कमी आढळतो, लाखात एकाहूनही कमी. त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण वाचणारे बरेच जण विशी-तिशीतले आहेत, म्हणून सांगतो. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी हातानं तपासा. न दुखणारी कडक गाठ, एका बाजूला जडपणा, असं काही लागलं तर सोनोग्राफी करून घ्या. लहानपणी वृषण खाली न उतरल्याचं ऑपरेशन झालं असेल तर जास्त लक्ष ठेवा. आणि त्याच दिवशी कोणाला तरी एकाला सांगा. रूममेट, भाऊ, बायको, कोणीही. शीट नंतर बनवता येते.

पुढच्या वीकेंडला हलका विषय घेतो, प्रॉमिस :)